घाणेरी-रानमोडी काढायला सरकारी निधी कसा मिळतो: कोल्हापुरातल्या वन समित्यांसाठी

प्रश्न असा आहे. भुदरगड तालुक्यातल्या एका गावची संयुक्त वन व्यवस्थापन समिती. गावालगतच्या वनात अंदाजे २० हेक्टरवर घाणेरी (लँटाना) आणि रानमोडी ही बाहेरदेशातून आलेली झुडपं माजली आहेत. खाली गवत उरलेलं नाही, गुरं आत शिरत नाहीत, गवे उसात आणि भातात उतरतात. हे काढायला सरकारकडून पैसा मिळतो का, किती मिळतो, अर्ज कुणाकडे करायचा? आणि मागे एकदा खर्च करून काढलेली घाणेरी दोन पावसाळ्यांत पुन्हा का उभी राहिली?

पैसा मिळतो. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी समजून घ्या, कारण किती मागायचा, कधी मागायचा आणि कशासाठी मागायचा हे सगळं त्यावर ठरतं. घाणेरी एकदा तोडण्यापुरता निधी उभा करणं फार अवघड नाही. पुढची तीन वर्षं त्याच जागेवर परत परत जाण्यासाठी निधी बांधून घेणं अवघड आहे, आणि तो नसेल तर पहिल्या वर्षीचा पैसाही वाया जातो. म्हणून माझा सल्ला सुरुवातीलाच सांगतो: हेक्टर कमी मागा, वर्षं जास्त मागा.

आता घाणेरी परत का येते ते. तिचे डोळे, म्हणजे फुटव्याच्या कळ्या, खोड आणि मूळ जिथं जुळतात त्या गाठीवर असतात. कोयत्यानं गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटली की त्या गाठीतून एकाच्या जागी दहा फांद्या फुटतात. जाळली तरी तेच होतं. वरचं जळतं, गाठ मातीत सुरक्षित राहते. जेसीबीनं उपटली तर गाठ निघते, पण माती उलटीपालटी होते, वर्षानुवर्षं पडून असलेलं बी वर येतं आणि पहिल्या पावसात रोपांचा गालिचा पसरतो. सोबत गवताची मुळंही जातात ती वेगळीच.

दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटानं यावर जी पद्धत बसवली ती आज बहुतेक ठिकाणी वापरतात. जमीन न खणता मुख्य मूळ मातीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर कापायचं. दोन माणसांची जोडी लागते. एकानं बेचक्याच्या काठीनं फांद्या एका बाजूला दाबून धरायच्या, दुसऱ्यानं बुंध्याजवळची पालापाचोळ्याची थर हातानं बाजूला करून गाठ शोधायची. गाठीच्या खाली कुदळीचं पातं तिरकं घालून मूळ तोडायचं. मग झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आकाशाकडे, म्हणजे मातीला टेकून पुन्हा धरणार नाही. झाडावर चढलेली घाणेरी ओढून काढू नका. फांद्या मोडतात, घरटी पडतात. बुंध्याशी मूळ कापा, छातीच्या उंचीवर एक काप द्या, वरचा भाग वाळून आपोआप गळतो.

काम नीट झालं का हे ओळखायची खूण साधी आहे. उलट्या ठेवलेल्या ढिगातलं कुठलंही झुडूप उचलून टोक बघा. टोकाला फुगीर गाठ आणि तिच्याखाली बोटभर मुळाचा तुकडा दिसला तर काम बरोबर. नुसतं तिरकं, स्वच्छ कापलेलं खोड दिसलं तर ते जमिनीच्या वर तोडलेलं आहे आणि पुढच्या जुलैत फुटणार. समितीच्या देखरेख करणाऱ्याला एवढं एक शिकवलं तरी निम्मं नुकसान टळतं.

रानमोडीचं वेगळं. तिची मुळं उथळ असतात, माती ओली असताना हातानं उपटून निघते. आपल्याकडे सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबर हा तिचा काळ. डिसेंबर-जानेवारीत ती फुलते, पुढं तिचं केसाळ बी वाऱ्यावर आणि मजुरांच्या कपड्यांवरून पसरतं. फुलल्यानंतर उपटणं म्हणजे स्वतःच्या हातानं पेरणी करणं. बुडखा मातीत तुटून राहिला तर परत फुटतो, म्हणून जांभ्याच्या कडक जमिनीत उन्हाळ्यात रानमोडी उपटायला लावू नका.

इथंच निधीचं आणि निसर्गाचं वेळापत्रक एकमेकांना छेद देतं. घाणेरीचं मूळ कापायला सर्वांत चांगला काळ पाऊस ओसरल्यावरचा, ऑक्टोबर-नोव्हेंबर. माती मऊ असते, जळवा कमी झालेल्या असतात, गवताचं बी तयार होत असतं. सरकारी अनुदान मात्र अनेकदा वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत हातात पडतं आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. त्या वेळी जमीन दगडासारखी झालेली असते, १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम सुरू होतो, वनरक्षक जाळरेषांवर, म्हणजे वणवा अडवायच्या मोकळ्या पट्ट्यांवर, अडकलेले असतात. मग मूळ कुणी कापत नाही, कोयता चालतो, फोटो निघतो, बिल निघतं. घाणेरी परत आली त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून प्रस्तावातच महिनावार कामाचा तक्ता घाला आणि स्पष्ट लिहा: मूळ कापणी ऑक्टोबर ते डिसेंबर, रोपं उपटणी जुलै-ऑगस्ट आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. निधी जानेवारीनंतर आला तर त्या पैशात हद्द मोजणी, हत्यारं आणि जाळरेषा एवढंच करू, कापणी पुढच्या हंगामात, असंही लिहा. पहिल्यांदा हे वाचून अधिकारी विचारतील. पण लेखी नसेल तर मार्चमध्ये तुमच्याकडे नाही म्हणायला काही नसतं.

आता पैसा. 'घाणेरी निर्मूलन' नावाची योजना शोधत बसू नका. हे काम दुसऱ्या नावांखाली बसतं: अधिवास सुधारणा, कुरण विकास, नैसर्गिक पुनर्निर्मितीला साहाय्य, तण निर्मूलन. आणि कुठलं नाव चालेल हे जमीन कुणाची यावर ठरतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे त्या २० हेक्टरांचा कक्ष क्रमांक, नियतक्षेत्र (बीट), परिमंडळ (राउंड) आणि परिक्षेत्र (रेंज) वनरक्षकाकडून लिहून घ्या, आणि सातबारे काढा. आपल्या जिल्ह्यात एकाच डोंगराच्या उतारावर वर राखीव वन, मध्ये देवराई, खाली गायरान आणि त्याखाली मालकी असा प्रकार नेहमीचा आहे. गायरानातली घाणेरी वनविभागाच्या निधीतून निघत नाही, आणि अभयारण्यातली ग्रामपंचायतीच्या निधीतून निघत नाही. २० हेक्टरांपैकी कुठल्या प्रकारात किती, हे आधी वेगळं करा.

प्रादेशिक वनविभागाच्या वनासाठी सर्वांत मोठा स्रोत म्हणजे कॅम्पा, वळवलेल्या वनजमिनीच्या भरपाईतून उभा राहिलेला निधी. वनजमीन रस्ता, धरण, खाण यांसाठी वळवली की प्रकल्प यंत्रणेकडून निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे गेलेल्या वनाची पैशांत काढलेली किंमत, वसूल होतं. २०१६च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्यानं या रकमेतला ९० टक्के वाटा राज्याच्या निधीत जातो, १० टक्के राष्ट्रीय निधीत. २०१८च्या नियमांनुसार राज्याकडच्या निव्वळ वर्तमान मूल्याच्या रकमेतले किमान ८० टक्के वन आणि वन्यजीव व्यवस्थापनाच्या कामांवर खर्च करायचे असतात. या कामांच्या यादीत नैसर्गिक पुनर्निर्मितीला साहाय्य, वनसंवर्धनाची कामं, मृद व जलसंधारण, आणि मंजूर व्यवस्थापन आराखड्यात किंवा कार्य आयोजनेत (वनविभागाचा त्या वनातल्या कामांचा मंजूर आराखडा) नमूद असलेली वन्यजीव अधिवास सुधारणा आहे. शेवटच्या वाक्यातले 'नमूद असलेली' हे शब्द महत्त्वाचे. तुमच्या कक्षासाठी कार्य आयोजनेत तण काढणं किंवा अधिवास सुधारणा लिहिलेलीच नसेल तर कॅम्पाच्या वार्षिक आराखड्यात ते काम घालणं अवघड जातं. परिक्षेत्र कार्यालयात जाऊन तुमच्या कक्षासमोर काय उपचार लिहिला आहे तो उतारा मागा. त्याच परिच्छेदाचा क्रमांक प्रस्तावात टाका. नुसत्या 'वन वाचवा' अर्जापेक्षा हा एक क्रमांक जास्त काम करतो.

कॅम्पाच्या नियमांत ही कामं ग्रामसभा किंवा वन समितीशी सल्लामसलत करून करायची तरतूद आहे, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव नुसती औपचारिकता समजू नका. पुढच्या आर्थिक वर्षाचा वार्षिक कार्य आराखडा, ज्याला कार्यालयात सगळे 'एपीओ' म्हणतात, तो आधीच्या पावसाळ्यानंतर परिक्षेत्रापासून वर जायला लागतो. तुमचा ठराव आणि नकाशा सप्टेंबरच्या आत वनक्षेत्रपालांच्या टेबलावर असेल तर तो त्यात जातो. मार्चमध्ये दिलेला अर्ज म्हणजे एक पावसाळा आणि एक फुलोरा वाया.

जमीन राधानगरी अभयारण्यात असेल तर रस्ता बदलतो. तिथं केंद्र पुरस्कृत वन्यजीव अधिवास विकास योजना आहे. महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४०. शाहूवाडीकडचा चांदोलीचा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. व्याघ्र प्रकल्पाला अनावर्ती (एकदाच होणाऱ्या) खर्चात ६०:४० आणि आवर्ती (दरवर्षी होणाऱ्या) खर्चात ५०:५० असं प्रमाण असतं, आणि कामं वन्यजीव कायद्याच्या कलम ३८व्ही खाली मंजूर झालेल्या व्याघ्र संवर्धन आराखड्यातूनच निघतात. याशिवाय व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे पर्यटन शुल्क आणि देणग्या जमा होतात. पाठपुराव्याच्या छोट्या रकमांसाठी हा स्रोत कामाचा, कारण तिथं ३१ मार्चचा फास थोडा सैल असतो. संरक्षित क्षेत्रांत समितीचं नावही वेगळं असतं, ग्राम परिस्थितीकीय विकास समिती. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना याच समित्यांमार्फत चालते. पण तिचा भर गॅस, चारा, कुंपण अशा गावाच्या बाजूच्या गरजांवर आहे. घाणेरी काढून मोकळ्या झालेल्या जागेत चरायला न नेता गोठ्यात वैरण देता यावी, यासाठी तिचा जोड म्हणून उपयोग करा.

बाकीचे स्रोत थोडक्यात. जिल्हा वार्षिक योजनेत वनविभागाची लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाची ठरलेली खाती, असतात; उपवनसंरक्षकांच्या मागणीतून काम गेलं तर जिल्हा नियोजन समितीपुढे येतं. रोजगार हमीतून मजुरीचा भाग उचलता येतो, पण ती मजुरी मोजमापावर मिळते, आणि मूळ शोधत बसणाऱ्या सावकाश कामाचं मोजमाप नीट बसवलं नाही तर मजूर दोन दिवसांत सोडून जातात. गायरान आणि ग्रामपंचायतीच्या देवराईसाठी वित्त आयोगाचा अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी वापरता येतो, काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात ग्रामसभेनं घेतलेलं असेल तर. आमदार-खासदार निधीच्या मागे लागू नका; तो टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठी आहे, तण काढणं त्यात बसत नाही.

उद्योगांचा सीएसआर निधी मात्र इथं फार नेमका बसतो, आणि त्याकडे कमी लक्ष जातं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वसाहतींतल्या फौंड्री असोत की साखर कारखान्यांच्या कंपन्या, आधीच्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त असेल तर कंपनी कायद्यानं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पर्यावरण आणि वनस्पती-प्राण्यांचं रक्षण त्या कायद्याच्या अनुसूची ७मध्ये आहेच. त्यात 'चालू प्रकल्प' अशी तरतूद आहे: ज्या वर्षी सुरू झाला ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षं प्रकल्प चालवता येतो, न खर्चलेली रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून. म्हणजे एकूण चार वर्षं. घाणेरीचा पाठपुरावा नेमका एवढाच लागतो. पहिल्या वर्षीची मोठी कापणी कॅम्पातून आणि पुढच्या तीन वर्षांची उपटणी सीएसआरमधून, अशी जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. वनजमिनीवर कंपनी किंवा संस्था परस्पर काम करू शकत नाही. वनविभाग, कंपनी आणि समिती यांचा त्रिपक्षीय करार आधी हवा. एकाच कामावर दोन निधी दाखवले गेले तर लेखापरीक्षणात अडकतं, म्हणून करारातच वर्ष आणि काम यांची वाटणी लिहा.

किती मागायचं? हेक्टरी सरसकट दर कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. दाट घाणेरी आणि तुरळक घाणेरी यांत मजुरीचा फरक पाच-सहा पट असतो. सरसकट दर लावला की काम करणारा आधी विरळ जागा उरकतो आणि दाट जाळी तशीच राहते. स्वतः मोजा. दाट, मध्यम, तुरळक अशा तीन पट्ट्यांत प्रत्येकी तीन-चार ठिकाणी १० मीटर बाय १० मीटरचे चौकोन दोरीनं आखा. वर उल्लेखलेल्या पद्धतीनंच काढा आणि घड्याळ लावून वेळ टिपा. हेक्टरमध्ये असे १०० चौकोन. समजा दाट चौकोनाला चार माणसांना दीड तास लागला, म्हणजे सहा माणूस-तास. हेक्टरी ६०० माणूस-तास. इथं नेहमी चूक होते: ६००ला आठनं भागून ७५ माणूस-दिवस लिहिले जातात. गावातून डोंगरावर चढणं, उतरणं, जेवण, हत्यारांना धार लावणं यात दोन तास जातात. प्रत्यक्ष काम सहा तास. म्हणून १०० माणूस-दिवस.

उदाहरण पुढं नेऊ. तुमच्या २० हेक्टरांत ८ दाट, ७ मध्यम, ५ तुरळक धरा. मोजणीत हेक्टरी अनुक्रमे १००, ४५ आणि १५ माणूस-दिवस निघाले असं समजा. ८००, ३१५ आणि ७५, बेरीज १,१९०. दुसऱ्या वर्षी फुटवे आणि रोपं काढायला पहिल्याच्या ३० टक्के, तिसऱ्या वर्षी १५, चौथ्या वर्षी १० धरले तर ३५७, १७९ आणि ११९. चार वर्षांचे मिळून १,८४५ माणूस-दिवस. एवढ्याच मजुरीत एकदाच काढायचं म्हटलं तर सुमारे ३१ हेक्टर होतात. कागदावर ३१ मोठे दिसतात म्हणून लोक ते मागतात, आणि तिसऱ्या वर्षी हातात शून्य हेक्टर असतात. तुम्ही २० मागा, आणि तेही जमत नसेल तर १२ मागा, पण चारही वर्षांचे. हे आकडे मांडणी दाखवण्यासाठी आहेत. तुमचे तुमच्या चौकोनांतून येतील.

अंदाजपत्रक आधी माणूस-दिवसांत मांडा, मग वनविभागाच्या त्या वर्षीच्या मंजूर मजुरी दरानं गुणा. दर दरवर्षी बदलतो, माणूस-दिवस बदलत नाहीत. दुसऱ्या वर्षी सुधारित अंदाजपत्रक मागणं त्यामुळे सोपं जातं. मजुरीशिवाय या ओळी विसरू नका: कुदळी, खुरपी, धार लावायची कानस, जाड हातमोजे, गमबूट, पिण्याच्या पाण्याची वाहतूक, प्रथमोपचार पेटी, मजुरांचा अपघात विमा, गवताचं बी गोळा करण्याची मजुरी, आणि देखरेखीसाठी गावातल्याच एका माणसाचं मानधन. घाणेरीच्या जाळीत फुरसं आणि चापडा हे दोन्ही विषारी साप असतात. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का ते काम सुरू होण्याआधी विचारून ठेवा.

झाडं आणि झुडपं एकाच अंदाजपत्रकात मिसळू नका. सुबाभूळ, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ हेही बाहेरून आलेले, पण ते वृक्ष आहेत आणि त्यातले बरेच लागवडीतून आले आहेत. त्यांच्या तोडीला वेगळी मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीसाठी थांबलेल्या फाइलमध्ये तुमची घाणेरीही अडकून बसते. गाजर गवत रस्त्याकडेला आणि गायरानात असेल तर ते फुलण्याआधी, हातमोजे घालून, वेगळ्या छोट्या कामात घ्या.

प्रस्तावात काढायच्या वनस्पतींची नावं शास्त्रीय नावांसह लिहा: घाणेरी म्हणजे लँटाना कॅमारा, रानमोडी म्हणजे क्रोमोलिना ओडोराटा. वन्यजीव कायद्यात २०२२च्या दुरुस्तीनं परकीय आक्रमक प्रजातीची व्याख्या आली; मूळची भारतातली नसलेली आणि वन्यजीव किंवा अधिवासाला धोका पोचवणारी प्रजाती, अशी. त्या दुरुस्तीतून थेट पैसा येत नाही, पण काम का करायचं याला कायद्याचा आधार मिळतो. सोबत काय काढायचं नाही याचीही यादी जोडा: कारवी, करवंद, तोरण, रामेठा, धायटी, दिंडा, भारंगी. घाणेरीच्या आत हीच झुडपं जीव धरून असतात, आणि 'झुडपी वाढ साफ करणे' असं मोघम लिहिलं तर मजूर सगळंच भुईसपाट करतात. रिकाम्या जमिनीवर पुढच्या पावसात घाणेरीच पहिली येते. राखलेलं एक करवंदाचं जाळं विकत आणलेल्या दहा रोपांच्या बरोबरीचं आहे.

गवताचंही तसंच. काढल्यानंतर काय, याचं उत्तर नसलेला प्रस्ताव परत येतो, आणि यायलाच हवा. रोपवाटिकेतली झाडं खड्डे काढून लावण्याची घाई नको; सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, तर मुळीच नको, तिथं झाडं लावणं म्हणजे कुरण मारणं. शेजारच्या निरोगी उतारावरून ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये गवताचं पिकलेलं बी हातानं ओरबाडून गोळा करा, सावलीत वाळवा, पहिल्या पावसाआधी मोकळ्या जागेत फेका. पवना, मारवेल, डोंगरी जिथं आहेत तिथलीच घ्या. जिथं मूळचं रान होतं तिथं जांभूळ, अंजनी, हिरडा, गेळा आपसूक उगवतात, त्यांना घाणेरीच्या रोपांपासून मोकळं ठेवणं एवढंच काम. बुलबुल बसतात त्या एकट्या झाडांखाली दर पावसाळ्यात नजर टाका. घाणेरीची फळं खाऊन ते तिथंच बी टाकतात.

काढलेल्या घाणेरीचं काय करायचं हाही निधीचाच प्रश्न आहे. कांडी कोळसा, बॉयलरचं सरपण अशी कल्पना सगळ्यांना सुचते, आणि कर्नाटकातल्या मलेमहादेश्वर डोंगरांत सोलिगा कारागीर तिच्यापासून फर्निचरही करतात. पण जमीन अभयारण्यात असेल तर वन्यजीव कायद्याचं कलम २९ आडवं येतं: तिथून व्यवस्थापनासाठी काढलेलं वनोत्पादन भोवतालच्या लोकांच्या घरगुती गरजेसाठी चालतं, विक्रीसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ फेब्रुवारी २०००च्या आदेशानं तर राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून वाळलेली, पडलेली झाडं आणि गवत काढण्यावरही बंधन आहे. म्हणून तिथं 'विक्रीतून खर्च भागेल' असं लिहू नका. ती एक ओळ अख्खी फाइल थांबवते. मुळं वर करून उतारावर आडव्या ओळींत रचा, ओढ्यात आणि झाडांच्या बुंध्याशी नको. प्रादेशिक वनात किंवा गायरानात परवानगीनं सरपण म्हणून नेता येतं. पिकलेली फळं असतील तर आधी ती जागेवरच झटकून घ्या, नाहीतर बी गावात येतं.

गव्यांबद्दल एक सावधगिरी. घाणेरी काढली की गवे शेतात येणं थांबेल असं आश्वासन प्रस्तावात देऊ नका. चारा वाढला तर दाब कमी होऊ शकतो, पण उभा ऊस हा गव्याला नेहमीच ओढणारा. मोजता येईल तेवढंच लिहा: चौथ्या वर्षाच्या शेवटी घाणेरीचं आच्छादन किती टक्क्यांखाली, गवताचं किती टक्क्यांवर.

मोजमापाची सोय पहिल्याच दिवशी करा. प्रत्येक पट्ट्यात दोन-तीन दगडांवर रंगानं खूण करून त्याच जागेवरून, त्याच दिशेनं, दर ऑक्टोबरमध्ये फोटो. हद्द मोबाईलच्या जीपीएसनं चालून घेतलेली, वनरक्षकासोबत, आणि तिची फाइल प्रस्तावाला जोडलेली. १ मीटर बाय १ मीटरच्या चौकटीत घाणेरीची रोपं मोजून नोंद. निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रासोबत हा तक्ता गेला की पुढच्या वर्षाचा हप्ता मागताना वाद राहत नाही. मजुरांची मजुरी मात्र या तपासणीसाठी अडवू नका. हजेरीपटावर ती वेळेत द्या. तपासणी रोजच्या रोज ढिगावर झाली पाहिजे, महिन्यानं फाइलवर नाही.

आता सुरुवात. ग्रामसभेचा ठराव, समितीच्या नोंदणीची आणि बँक खात्याची प्रत, कक्ष क्रमांक असलेला नकाशा, सातबारे, कार्य आयोजनेतला परिच्छेद, चौकोन मोजणीचा तक्ता, चार वर्षांचं माणूस-दिवसांचं पत्रक आणि महिनावार वेळापत्रक, एवढे कागद एका फाइलमध्ये लावा. वनपालांना एकदा दाखवून मग वनक्षेत्रपालांकडे आवक क्रमांक घेऊन द्या, एक प्रत उपवनसंरक्षक, कोल्हापूर यांच्या कार्यालयात. जमीन अभयारण्यात निघाली तर तीच फाइल वन्यजीव विभागाकडे. ठरावात 'घाणेरी तोडणे' ऐवजी 'परकीय आक्रमक वनस्पती मुळासह काढून गवताळ अधिवासाची पुनर्स्थापना, सलग चार वर्षे' असं लिहून घ्या, आणि प्रत्येक सदस्याच्या सहीखाली तारीख घालायला विसरू नका.